एलियाहू हन्नाबींना पंख का नाहीत?



सिडनीच्या रुकवूड कबरस्तानात माझ्या यजमानांची कबर आहे. यंदा त्यांच्या वर्षाच्या प्रार्थनेला माझी नऊ वर्षांची नात बरोबर होती. हश्काबा झाली, आम्ही दगडावर खडे ठेवले आणि परत निघालो. वाटेत दुसऱ्या धर्मांच्या कबरी लागतात. त्यांवर संगमरवरी देवदूत उभे आहेत. कुणी मान खाली घातलेला, कुणी हात वर केलेला, आणि सगळ्यांना मोठे मोठे पंख. नातीने विचारले, "आजी, आजोबांच्या दगडावर एंजल का नाही?" मी म्हटले, "आपल्यात नसतात, बाळा." ती गप्प बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते. खरे तर माझेही झाले नव्हते.

त्याच आठवड्यात घरात दुसरा प्रश्न उभा राहिला. मी लवकरच वृद्धांच्या निवासात राहायला जाणार आहे. खोली लहान आहे. काय न्यायचे, काय ठेवायचे याची यादी चालली होती. माझ्याकडे एलियाहू हन्नाबींचे जुने चित्र आहे. पांढरी दाढी, अग्नीचा रथ, उधळलेले घोडे, खाली ढग. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ते होते, अजून असेल. 1969 साली माझ्या लग्नात आईने दिलेले. ऑस्ट्रेलियाचे फक्त गोऱ्यांना घेण्याचे धोरण 1973 साली संपले, आणि पुढच्या वर्षी आम्ही इथे आलो, तेव्हा ते मी नऊवारी लुगड्यात गुंडाळून आणले. मुलगा म्हणाला, "आई, हे तिथे लावायलाच हवे का? परवा सिनेगॉगमधल्या एक बाई आपल्या घरी आल्या होत्या. ज्यू घरात हे असले चित्र कसे, म्हणून विचारत होत्या." नात चित्राकडे बघत होती. ती म्हणाली, "आणि या आजोबांना पंख का नाहीत? ते तर आकाशात चाललेत."

मुलाचे बोलणे मला लागले, हे कबूल करते. पण रागाने उत्तर मिळत नाही. म्हणून चष्मा काढला, हुमाश आणि राशी उघडले, आणि दोन्ही प्रश्नांचा मिळून विचार केला. जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवते. तुमच्याही नातवंडांनी कधी ना कधी हे विचारलेच असेल.

आधी शेजाऱ्यांचे देवदूत

सिडनीत हाइड पार्क नावाची मोठी बाग आहे. तिच्या एका अंगाला, एलिझाबेथ रस्त्यावर, 1878 साली उघडलेले ग्रेट सिनेगॉग आहे. बागेच्या पलीकडच्या अंगाला सेंट मेरीज कॅथेड्रल. त्याच्या काचचित्रांत देवदूत आहेत. ती काच इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम गावच्या हार्डमन कारखान्यातून आलेली. ग्रेट सिनेगॉगमध्ये मान वर करून पाहिले तर निळ्या छतावर सोन्याच्या वर्खाच्या शेकडो चांदण्या दिसतात. देवदूत एकही नाही. एका बागेच्या दोन बाजूंना दोन धर्म आकाश कसे दाखवतात, ते असे समोरासमोर पाहायला मिळते.

ख्रिस्ती चित्रकलेत देवदूताच्या हातातली वस्तू त्याचे काम सांगते. गाब्रिएलच्या हाती कमळासारखे पांढरे लिलीचे फूल असते, मिखाएलच्या हाती तलवार किंवा तराजू. तुतारी असेल तर मेलेल्यांना उठवण्याची हाक, गुंडाळी असेल तर माणसाच्या कर्मांची नोंद. रुकवूडच्याच इतिहासात याचे छान उदाहरण आहे. 1867 पासून 1948 पर्यंत सिडनी शहरातून मयत आगगाडीने रुकवूडला नेत असत. कबरस्तानात त्या गाडीसाठी दगडी स्टेशन बांधले होते. त्याच्या कमानीवर दोन देवदूत कोरलेले होते, एकाच्या हाती तुतारी, दुसऱ्याच्या हाती गुंडाळी. गाडी बंद पडली, स्टेशन मोडकळीला आले. 1957 साली ते शंभर पौंडांना विकले गेले, दगड न् दगड उतरवून ट्रकांतून कॅनबेराला नेला, आणि तिथे एन्सली भागात त्याच दगडांचे ऑल सेंट्स चर्च उभे राहिले. देवदूतही गेले. आधी ते मेलेल्यांचे स्वागत करीत, आता तिथे लग्ने लागतात.

आणि पंख? ते ख्रिस्ती कलेतही सुरुवातीपासून नव्हते. रोमच्या भुयारी कबरस्तानांतल्या जुन्या चित्रांत देवदूत म्हणजे साधा झगा घातलेला माणूस. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याला पंख फुटले, आणि ते रोमन लोकांच्या पंख असलेल्या विजयदेवतेकडून आले असे जाणकार मानतात. म्हणजे पंख ही चित्रकाराची भाषा आहे. "हा इथला नाही, वरून आला आहे" हे चित्रात शब्दांविना कसे सांगायचे? पंख काढले की काम झाले.

आपल्याकडे मलाख म्हणजे निरोप्या

आपल्या तोरात शब्द आहे मलाख. त्याचा साधा अर्थ निरोप घेऊन जाणारा. याकोबने एसावकडे पाठवलेल्या माणसांनाही तोरा तोच शब्द लावते. ग्रीक भाषांतर झाले तेव्हा मलाखला ग्रीकमधला निरोप्याचा शब्द घातला, आणि त्यावरूनच पुढे एंजल झाला. म्हणजे एंजल हे काही वेगळ्या जातीच्या पाखराचे नाव नाही. ते कामाचे नाव आहे.

आब्राहाम अबीनू दुपारच्या उन्हात तंबूच्या दाराशी बसले होते. तीन पाहुणे आले. तोरा त्यांना माणसे म्हणते. पंखांचा उल्लेख नाही. आब्राहामने त्यांचे पाय धुवायला पाणी मागवले, भाकरी आणि वासरू वाढले. राशी विचारतात, तिघे कशाला? उत्तर देतात की एका मलाखाला एकच काम दिले जाते. एक साराला मुलाची बातमी सांगायला, एक आब्राहामला बरे करायला, एक सदोम उलथवायला. काम संपले की मलाख संपला, असे म्हटले तरी चालेल.

याकोबचे स्वप्न आठवा. जमिनीवरून आकाशाला लागलेली शिडी, आणि तिच्यावरून मलाख चढताहेत, उतरताहेत. नातीला मी हे सांगितले तेव्हा तीच म्हणाली, "मग त्यांना पंख नसणार. पंख असते तर शिडी कशाला?" मला इतक्या वर्षांत हे सुचले नव्हते.

मग पंख कुठेच नाहीत का? आहेत. यशाया नबींनी पाहिलेल्या सेराफीमांना सहा सहा पंख होते. पण ते कशासाठी, ते वाचा. दोन पंखांनी तोंड झाकलेले, दोहोंनी पाय झाकलेले, आणि उडायला उरलेले दोनच. सहातले चार पंख अदबीसाठी. डोईवरचा पदर पुढे ओढून बेराखा म्हणणारी आपली आई डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हे चित्र समजते.

सोन्याचे केरुबीम आणि मधली रिकामी जागा

आता खरा अवघड प्रश्न. दहा आज्ञांत मूर्ती करू नका म्हटले, आणि त्याच शेमोथच्या पुस्तकात, पाच अध्याय पुढे, मोशे रब्बेनूंना आज्ञा झाली की कराराच्या पेटीच्या झाकणावर सोन्याचे दोन केरुबीम करा, त्यांचे पंख वर पसरलेले असू द्या. पुढे शेलोमो राजाने बेत हामिकदाशात जैतुनाच्या लाकडाचे, दहा हात उंचीचे केरुबीम केले आणि सोन्याने मढवले. त्यांचे पंख एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचत. मग मूर्तीची मनाई कुठे गेली?

मला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, ते दाखवण्यासाठी नव्हते. परमपवित्र जागेत वर्षातून एकदा, किप्पूरच्या दिवशी, एकटा कोहेन गादोल जाई, तोही धूपाच्या धुरात. रानात मुक्काम हलवताना पेटीवर पडदा टाकून मगच ती उचलीत. बाहेरच्या पडद्यांवर केरुबीम विणलेले होते हे खरे, पण पेटीवरच्या केरुबीमांपुढे लोकांना उभे राहून हात जोडता येत नव्हते.

दुसरी, त्यांची तोंडे एकमेकांकडे होती. लोकांकडे नव्हती. गमाराचे हाखामीम म्हणतात की इस्राएल देवाच्या इच्छेप्रमाणे वागत तेव्हा केरुबीम समोरासमोर असत, नाहीतर तोंड फिरवून भिंतीकडे पाहत. घरातले दोघे भांडले की कसे बसतात, तसे! ते हाखामीम असेही सांगतात की केरुबीमांचा चेहरा लहान लेकराचा होता.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. देवाचा आवाज मोशेला कुठून येई? केरुबीमांच्या तोंडून नाही. त्या दोघांच्या मधून, जिथे काहीच नव्हते तिथून. सोने, पंख, चेहरे, सगळे त्या रिकाम्या जागेच्या भोवती राखण करायला. देवदूताचे चित्र आपल्याकडे एवढेच सांगते: माझ्याकडे पाहू नकोस, माझ्या पलीकडे ऐक.

बेत आल्फाची फरशी

बेत हामिकदाश गेला. पुढे हाखामीमांनी ठरवले की वर देवाची सेवा करणाऱ्यांच्या प्रतिमा करू नयेत. तरी आपले पूर्वज चित्रे काढतच नव्हते असे समजू नका. गिल्बोआ डोंगराच्या पायथ्याशी, बेत आल्फा इथे, 1928 साली किबुत्सातले लोक पाण्याचा पाट खणत होते. कुदळीखाली रंगीत फरशी लागली. सहाव्या शतकातल्या सिनेगॉगची जमीन! करणाऱ्या कारागिरांची नावेही तिथे आहेत, मारियानोस आणि हनिना. इस्राएलात राहणाऱ्या वाचकांनी ती पाहिली असेल. नसेल तर एकदा जाऊन या.

त्या फरशीवर इस्हाकच्या बलिदानाचा प्रसंग आहे. आब्राहामच्या हाती सुरी, इस्हाक वेदीपाशी, मागे झाडाला मेंढा. तोरात या क्षणी आकाशातून मलाख हाक मारतो. पण कारागिरांनी मलाख काढला नाही. वरून फक्त एक हात बाहेर आलेला दाखवला, आणि शेजारी दोन इब्री शब्द: मुलावर हात टाकू नकोस, असा त्यांचा अर्थ. त्याच फरशीवर मधोमध राशिचक्र आहे आणि त्याच्या चार कोपऱ्यांत चार ऋतू म्हणून पंख असलेल्या चार स्त्रिया आहेत. म्हणजे त्या दोघांना पंख काढता येत होते. ऋतूंना त्यांनी पंख दिले, मलाखाच्या जागी मात्र हात काढला आणि निरोप लिहिला. निरोप्यापेक्षा निरोप महत्त्वाचा, हे यापेक्षा सोप्या रीतीने कसे सांगणार?

मग एलियाहू हन्नाबी कोण?

आता माझ्या चित्राकडे येते. एलियाहू हन्नाबी मलाख नव्हते, माणूस होते. म्हणून त्यांना पंख नाहीत. नातीच्या प्रश्नाचे हे सरळ उत्तर. पण ते मेल्याचे पुस्तकात नाही. मलाखी नबींनी ज्याची वाट पाहायला सांगितली तो कराराचा मलाख म्हणजे एलियाहूच, असे आपले लोक मानत आले, म्हणून सुंतेच्या वेळी त्यांची खुर्ची मांडतो. गमारात गंमतीचा हिशेब आहे: मिखाएल एका उड्डाणात पोचतो, गाब्रिएल दोनांत, एलियाहू चारांत, आणि मृत्यूचा मलाख आठांत. माणूस असून त्यांना मलाखांच्या ओळीत बसवले. आणि तेही मृत्यूच्या पुढे पोचणारे, हे म्हातारपणी विशेष बरे वाटते.

आपल्या कोकणात तर ते येऊन गेले असे आपण मानतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्यांच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत म्हणून आपली माणसे तिथे जातात, नेदेर फेडतात. शेबातच्या पौर्णिमेला आपण एलियाहू हन्नाबींचा उरूस म्हणतो. आणि मलिदा! पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, वर फळे. सिडनीत मी पोहे हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानांतून आणते, पण ताट भरले की वास पनवेल-पेणचाच येतो.

मलिद्याचे ताट पाहताना मला राजांच्या पहिल्या पुस्तकातली एक गोष्ट नेहमी आठवते. इजेबेल राणीच्या भीतीने एलियाहू रानात पळाले. एका झुडपाखाली बसले आणि देवाकडे मरण मागितले. मग झोपी गेले. तेव्हा मलाख आला. त्याने काय केले? तलवार उपसली नाही, तुतारी फुंकली नाही. हात लावून जागे केले आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. ते जेवले, पुन्हा झोपले. मलाखाने पुन्हा उठवले, पुन्हा खायला लावले, कारण पुढची वाट लांबची होती.

मी तीस वर्षे नर्स होते. रात्रपाळीला कितीतरी जणांना असेच हलवून उठवले आहे, दोन घोट पाणी, चार घास. कुणी मला पंख लावले नाहीत आणि लावावेत असे मी म्हणत नाही. पण मलाख म्हणजे काय, ते मला या गोष्टीतून कळते.

चित्र ठेवायचे की नाही

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. त्या बाईंचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. आपल्यातल्या काही घरांत या चित्राला हार घालीत, पुढे उदबत्ती लावीत. शेजारची रीत होती, ती आपसूक आत आली. माझी आई तसे करीत नसे. ती चित्राची काच पुसायची, बस्स. तेफिलाला उभी राहायची ती पश्चिमेकडे तोंड करून, आणि चित्र असायचे पाठीमागच्या भिंतीवर. लहानपणी मला वाटे, तिथे खिळा होता म्हणून. आता शुलहान आरुखात वाचले की समोर चित्रे असताना प्रार्थना करू नये, मन त्यांत गुंतते. आईने ते पुस्तक वाचले नव्हते, पण रीत तिला ठाऊक होती.

चित्र नीट पाहिले तर तेही हेच सांगते. पुस्तकात लिहिले आहे की अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे मधे आले आणि एलियाहू वावटळीतून वर गेले. खाली राहिले काय? त्यांचा झगा. तो एलिशाने उचलला आणि गुरूचे काम पुढे चालवले. वर गेलेल्याकडे बघत एलिशा उभा राहिला असता तर पुढची गोष्टच झाली नसती.

म्हणून मी ठरवले आहे. चित्र माझ्याबरोबर जाईल. सिडनीहून येरुशलायीम पश्चिमेच्याच बाजूला पडते, आपल्या कोकणातून पडत असे तसेच. ती भिंत मी मोकळी ठेवणार. दाराला मेझुझा, आणि चित्र पूर्वेच्या भिंतीवर, प्रार्थनेच्या वेळी माझ्या पाठीशी. रात्रीच्या शेमाच्या वेळी आपण म्हणतोच ना, मिखाएल उजवीकडे, गाब्रिएल डावीकडे, उरिएल पुढे, रफाएल मागे, आणि डोक्यावर शेखिना. चारी बाजूंना मलाख, आणि एकाचेही चित्र नाही. अंधारात डोळे मिटून म्हणायचे, म्हणून चित्राची गरजच नाही. शुक्रवारी रात्री शालोम आलेखेम म्हणून मलाखांना घरात घेतो आणि थोड्या वेळाने निरोपही देतो. पाहुण्यांना ठेवून घेत नाही, त्यांची पूजाही करीत नाही.

मुलाला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "त्या बाईंनी पुन्हा विचारले तर मी सांगेन." माझे काम झाले.

आणि आजोबांच्या दगडावर एंजल का नाही? नातीला म्हटले, आपण मेलेल्याच्या दगडावर नाव लिहितो, आईबापाचे नाव लिहितो, तारीख लिहितो. निरोप्या आता नको, निरोप पोचला. ती म्हणाली, "आणि आपण खडे ठेवतो." हो, खडे ठेवतो. कुणी तरी पायाने चालत आले होते, याची खूण.

शेवटी एक विनंती. ज्यांच्या घरी हे चित्र आहे, त्यांनी ते भिंतीवरून उतरवून मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहावे: कुणी घेतले, कोणत्या गावी, कुणाला दिले. मी परवाच लिहिले. आईचे नाव, मुंबई, 1969, माझे नाव, सिडनी. खाली एक ओळ रिकामी ठेवली आहे. नात म्हणाली, तिथे ती स्वतः लिहील, पण आधी इब्रीत नाव नीट लिहायला शिकेल.

तुम्हां सर्वांना शालोम. एलियाहू हन्नाबी आपल्या सर्वांच्या दारी लवकर येवोत, आमेन.